परका हात आणि संबळ

परभणी, जिंतूर, गंगाखेड, पाथरी या पट्ट्यात लग्न पार पडले की अनेक घरांत पुढचा विषय निघतो तो गोंधळाचा. कुलदैवत तुळजापूरची भवानी असो की माहूरची रेणुका, देवीचा गोंधळ घातल्याशिवाय कार्य पुरे झाले असे ही घरे मानत नाहीत. मग कुणीतरी विचारतेच, "गोंधळी कोण सांगितलेत?" गाणारा चांगला आहे का, एवढेच या प्रश्नात विचारलेले नसते. तो गोंधळ्याच्या घरातला आहे का, गळ्यात कवड्यांची माळ पडली आहे का, आपल्या घराशी त्याच्या घराचे मागच्या पिढीपासूनचे नाते आहे का, हेही त्यात येते.

दुसरीकडे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या पट्ट्यातल्या कोणत्याही महाविद्यालयात युवक महोत्सवाच्या तालमी बघा. संबळ कमरेला बांधलेला मुलगा शेतकऱ्याचा असतो, शिक्षकाचा असतो, दुकानदाराचा असतो. हातात दिवटी धरलेल्या मुलीच्या घरी कदाचित कधी गोंधळ घातलेलाही नसतो. तरी ही मुले मंचावर येतात आणि टाळ्या घेतात. त्यांचा गोंधळ खरा म्हणावा का?

हाच प्रश्न जगात गेली पन्नास वर्षे एका वेगळ्या संगीताबद्दल विचारला जातो आहे. बॉब मार्लेमुळे आपल्याकडच्या तरुणांना ठाऊक झालेले रेगे हे संगीत कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटाचे. ते बेटाबाहेरच्या माणसाने वाजवले तर पटते का? मला हे दोन प्रश्न शेजारी ठेवून पाहायचे आहेत, कारण रेगेच्या बाबतीत जगाने जो अनुभव घेतला आहे तो आपल्या संबळाबद्दल बरेच काही सांगून जातो.

आधी गोंधळ नीट पाहू. अंगणात किंवा ओसरीवर चौक मांडतात. पाटावर कापड, त्यावर धान्याची रास, वर कलश, देवीचा टाक, सुपाऱ्या, खोबरे. वरून उसाची किंवा ज्वारीची धाटे बांधलेली. दिवटी पेटते. नायक अंगात झगा, डोक्याला पागोटे, गळ्यात कवड्यांच्या माळा अशा वेशात उभा राहतो. एकाच्या कमरेला संबळ, दुसऱ्याच्या काखेत तुणतुणे, आणखी कुणाकडे झांज. सुरुवातीला आवाहन होते. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर, शिवाय गावचे दैवत, घरचे दैवत अशा सगळ्या देवांना नाव घेऊन या घरी बोलावले जाते. देव जमले की आख्यान सुरू होते, आणि गोंधळ्याची खरी परीक्षा तिथेच. नायक कथा सांगतो, साथीदार मध्येच अडवून भोळा प्रश्न विचारतो, नायक त्याला उत्तर देता देता यजमानाच्या घरातल्या माणसांची नावे ओवतो, यंदाच्या पावसावर बोलतो, व्याह्यांची थट्टा करतो आणि कुणाला कळायच्या आत पुन्हा कथेवर येतो. हे रात्रभर चालते, आणि पहाटे आरती होते.

यातला संबळ ही जोडी आहे. एक भांडे मोठे, खर्जात बोलणारे. दुसरे लहान, टणक आवाजाचे. दोन्ही काठ्यांनी वाजतात, आणि मोठ्यावरची काठी टोकाला वळलेली असते. वादक उभ्याने, नाचता नाचता वाजवतो, त्यामुळे ठेका त्याच्या गुडघ्यांतून आणि कमरेतून येतो. बसून शिकलेल्या तबलजीला संबळाचे बोल चार दिवसांत समजतात, पण उभे राहून पाय हलवत वाजवायला लागले की लय डुलते. दुसरी अडचण अशी की संबळ गाण्याच्या मागे चालत नाही. नायक बोलायचा थांबला की तो वर उसळतो, नायकाने शब्द उचलला की खाली बसतो. म्हणजे संबळवाल्याला आख्यान तोंडपाठ हवे. तो कथा ऐकत वाजवतो.

ताल बाहेरच्याला येतो का, या प्रश्नाचे सरळ उत्तर 'येतो' असे आहे. वेळ लागतो, पण येतो. रेगेचेही तेच. 1960च्या दशकाच्या अखेरीस स्का आणि रॉकस्टेडी या जमैकन प्रकारांतून हे संगीत घडले. त्याचा गाभा असलेल्या ठेक्याला तिकडचे वादक 'वन ड्रॉप' म्हणतात. चार मात्रांतल्या पहिल्या मात्रेवर मोठा ढोल वाजतच नाही. ती जागा मोकळी राहते आणि सगळा भार तिसऱ्या मात्रेवर पडतो. गिटारचे तुटक फटकारे मधल्या जागा भरतात आणि धून खऱ्या अर्थाने बेस गिटार चालवते. मार्लेच्या वेलर्स या ताफ्यात ड्रमवर कार्ल्टन बॅरेट आणि बेसवर ॲस्टन बॅरेट हे सख्खे भाऊ होते आणि या ठेक्याचा आदर्श म्हणून जग त्यांच्याकडेच बोट दाखवते. आपल्याकडच्या वादकाला यात नेमके काय जड जाते ते पाहण्यासारखे आहे. आपला हात समेकडे धावतो. आवर्तन फिरून पहिल्या मात्रेवर आले की तिथे थाप पडलीच पाहिजे, हे आपल्या रक्तात भिनलेले. रेगेमध्ये तीच मात्रा सोडून द्यायची, आणि सोडताना ढिले पडायचे नाही. हे जमवणारे ताफे आता भारतातही आहेत. दिल्लीत 2009 मध्ये रेगे राजाज उभे राहिले, आणि 2016 पासून गोव्यात गोवा सनस्प्लॅश हा रेगेचा महोत्सव सुरू झाला. जमैकाशी आपला धागा तसा जुनाही आहे. 1845 च्या मे महिन्यात ब्लंडेल नावाच्या जहाजातून पहिले भारतीय गिरमिटिया मजूर त्या बेटावर उतरले, आणि 'गांजा' हा आपला शब्द तिथल्या रोजच्या बोलण्यात, पुढे रास्ताफारी पंथीयांच्या आणि रेगेच्या बोलीत कायमचा बसला.

तालाचा प्रश्न असा सुटतो. अवघड भाग आहे तो तोंडाचा.

जमैकाबाहेरचे गोरे गायक तिथल्या बोलीची नक्कल करू लागतात तेव्हा कानाला ताबडतोब खटकते, मग मागचा ठेका कितीही अचूक असो. पुण्या-मुंबईचा नट मराठवाडी हेल काढतो आणि परभणीचा प्रेक्षक खुर्चीत अस्वस्थ होतो, ती हीच गोष्ट. याउलट दक्षिण आफ्रिकेचा लकी डुबे घ्या. तो मूळचा झुलू लोकसंगीतातला गायक, 1980च्या दशकात रेगेकडे वळला. त्याने जमैकातल्या किंग्स्टनच्या गल्ल्यांचे दुःख उसने आणले नाही. वर्णद्वेषी राजवटीत होरपळणाऱ्या आपल्याच देशाबद्दल तो गायला आणि साऱ्या आफ्रिकेने त्याला रेगेचा मोठा गायक मानले. आयव्हरी कोस्टचा अल्फा ब्लाँडी फ्रेंचमध्ये आणि आपल्या जुला भाषेत रेगे गातो. दोघांनी चौकट घेतली आणि आत स्वतःचे जगणे भरले. ज्यांच्याकडे भरायला काही नव्हते ते ठेक्याच्या पुढे गेले नाहीत.

हे आपल्या मातीत करून दाखवणारा माणूस म्हणजे शाहीर विठ्ठल उमप. जन्म 1931 चा, मुंबईत नायगावचा. घर बौद्ध, आंबेडकरी चळवळीतले. भीमगीते, कव्वाली, कोळीगीते, भारूड, पोवाडा हे सगळे त्यांच्या गळ्यात होते. गोंधळ्याच्या घरात ते जन्मले नव्हते, देवीचा कुळाचार त्यांच्या घरचा नव्हता. तरीही 'जांभूळ आख्यान' म्हटले की मराठी माणसाला आठवतात ते उमपच. पाच पती असलेल्या द्रौपदीच्या मनात कर्णाची ओढ जागी होते आणि कृष्ण एका जांभळाच्या निमित्ताने तिच्या तोंडून ती वदवून घेतो, अशी ही कथा. व्यासांच्या महाभारतात ती सापडत नाही. लोकपरंपरेने, गोंधळ्यांच्या मुखाने ती जपली. उमप क्षणात द्रौपदी होत, क्षणात कृष्ण. अंगावर साडी नसताना नुसत्या पदराच्या हावभावाने ते बाईची लाज उभी करत. त्यांच्या द्रौपदीत चेष्टा नव्हती. मनातली गोष्ट उघड झालेल्या बाईची तडफड होती, आणि समाजाने ज्यांना बोलू दिले नाही अशांच्या बाजूने आयुष्यभर गाणाऱ्या माणसाला ती तडफड ओळखीची होती, असे मला वाटते. 2010 साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच त्यांनी जगाचा निरोप घेतला.

उमपांसारख्यांना अशी आख्याने मुंबईच्या रंगमंचावर आणता आली त्यामागे संशोधकांचेही श्रम होते. अशोकजी परांजपे यांनी इंडियन नॅशनल थिएटरच्या माध्यमातून महाराष्ट्रभर हिंडून लोककलावंत शोधले आणि त्यांना शहरी प्रेक्षकांसमोर उभे केले. आमच्या परभणीचे राजारामबापू कदम हे गोंधळाच्या परंपरेतले थोर नाव. त्यांना लोक 'गोंधळमहर्षी' म्हणत. कदमांचा गोंधळ आणि उमपांचे आख्यान यांची तुलना करून कोण सरस ते ठरवण्यात अर्थ नाही. एकाच्या मागे पिढ्यांचा कुळाचार उभा होता, दुसऱ्याच्या मागे चाळीतला आणि चळवळीतला कष्टकरी. मात्र उमपांनी आख्यान घेतले, पूजेचा अधिकार मागितला नाही. कुणाच्या अंगणात चौक मांडून देवीला बोलावण्याचे काम ज्यांचे, त्यांच्याकडेच राहिले. परक्याने कला घेताना कुठे थांबायचे याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

परंपरेत गोंधळ्यांचे रेणुराई आणि कदमराई असे दोन मुख्य भेद सांगतात, एक माहूरच्या रेणुकेकडे बघणारा, दुसरा तुळजाभवानीकडे. देवीसमोर माळ गळ्यात पडली की गोंधळ घालण्याचा हक्क येतो. रेगे संगीतात असा विधीचा हक्क नाही, पण रास्ताफारींचे न्याबिंगी ढोल आहेत. ते पंथाच्या मेळाव्यात, प्रार्थनेसाठी वाजतात, आणि रेगेच्या पोटात त्यांचा आवाज आजही ऐकू येतो. तिथेही गाण्याचा ताफा कोणताही चालतो, प्रार्थनेचा ढोल मात्र पंथाचाच.

इथवर मी जन्माच्या हक्काबद्दल आदराने बोललो. आता त्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हलगी घ्या. मराठवाड्यात हलगी वाजवणे हे पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाच्या माथी मारलेले काम होते. देवाची पालखी, लग्नाची वरात, मयत, सगळीकडे हलगी हवी, पण ती वाजवणारा देवळाच्या पायरीखाली आणि पंगतीच्या बाहेर. पोतराजाच्या कोरड्याखालीही तेच दैन्य होते. बाबासाहेबांच्या चळवळीने गावकीची असली कामे सोडायला सांगितली आणि 1956 च्या धर्मांतरानंतर असंख्य घरांनी ती टाकून दिली. ज्याने हलगी टाकली त्याने आपली कला टाकली, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्याने जोखड टाकले. स्वतःच्या मर्जीने वाजवायचे वाद्य आणि सक्तीने वाजवायचे वाद्य ऐकायला सारखेच लागते, वाजवणाऱ्याला नाही. गोंधळीसुद्धा आज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहेत. देवीचा मान मिळतो त्या घरातही चूल कशावर पेटते हा प्रश्न पिढ्यांचा आहे.

म्हणून वरच्या जातीतला, शहरातला मुलगा मोठ्या मंचावर हलगी वाजवून वाहवा मिळवतो तेव्हा ती वाहवा निखळ मनाने मला देता येत नाही. त्याच्या हाताचा यात दोष नाही. पण ज्या वाद्यामुळे एकाला पंगतीतून उठवले, त्याच वाद्यामुळे दुसऱ्याला पुष्पगुच्छ मिळतो, हे ऐकणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला माहीत असले पाहिजे. रेगेवरून जो वाद आहे त्याच्या तळाशीही हेच दुखणे आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या नातवंडा-पतवंडांनी ते घडवले. 1974 मध्ये एरिक क्लॅप्टनने मार्लेचे एक गाणे गाऊन अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा मार्ले जगाला नीट माहीतही नव्हता. त्या यशाने मार्लेकडे लक्ष वेधले हेही खरे. पण 2022 मध्ये रेगेचा ग्रॅमी पुरस्कार अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या सोजा या ताफ्याला मिळाला आणि त्याच पुरस्काराच्या नामांकनातले जमैकन कलावंत मागे राहिले, तेव्हा जमैकात राग उसळला तो नुसत्या मत्सराचा नव्हता. दारातला मान दुसऱ्याने नेण्याचा अनुभव त्या बेटाला फार जुना आहे.

मग परक्याला मान मिळतो तो कधी? जमैकाच्या ध्वनिताफ्यांची एक पद्धत मला फार न्याय्य वाटते. त्यांना ते 'साऊंड सिस्टिम' म्हणतात. मोठमोठे कर्णे लावलेले दोन किंवा अधिक ताफे समोरासमोर उभे राहतात आणि आळीपाळीने गाणी वाजवतात. परीक्षक म्हणजे समोरची गर्दी. 1999 मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या जागतिक सामन्यात जपानच्या योकोहामाचा मायटी क्राऊन हा ताफा जिंकला. कॅरिबियन श्रोत्यांसमोर, त्यांच्याच खेळात, त्यांच्याच आरोळ्यांनी. तसेच इटलीच्या सिसिली बेटावरचा अल्बोरोझी जमैकातच जाऊन राहिला, तिथल्या स्टुडिओत काम करत शिकला, आणि मग त्याच्या रेगेला तिथे मान मिळाला. दोघांनीही ज्यांचे संगीत आहे त्यांच्यासमोर उभे राहून निकाल मागितला.

आपल्याकडे असा निकाल फार पूर्वी लागल्याचे एक उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते 1616 मध्ये राचोलला छापले गेले. धर्म परका, पण ओवी इतकी अस्सल की मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याला टाळून पुढे जाता येत नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना वारकऱ्यांनी संतांच्या मालिकेत बसवले. बार्शीचे अमर शेख पोवाडा गायले आणि संयुक्त महाराष्ट्राचा आवाज झाले. कोणत्या घरातला आहेस असे त्या गर्दीने विचारले नाही.

त्याहून जुनी एक हकिगत आहे. तेराव्या शतकात वरंगळच्या काकतीयांच्या दरबारातला सेनापती जायप याने 'नृत्तरत्नावली' हा ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने एका उत्सवात भिल्लिणीच्या वेशातले नृत्य पाहिले, तो त्यावर भाळला आणि ते दरबारी नृत्यात आले. त्या नृत्याचे नाव 'गोंडली'. आजच्या गोंधळाचा माग काढणारे अभ्यासक तिथवर जातात. म्हणजे परक्या हातांनी उचलण्याची ही गोष्ट किमान आठशे वर्षांची आहे. ज्या बाईचे नृत्य पाहून राजा भाळला, तिचे नाव मात्र ग्रंथात नाही.

युवक महोत्सवातल्या त्या मुलांकडे याच नजरेने पाहावे असे मला वाटते. त्यांनी गोंधळ जरूर करावा. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत कोणत्याही घरातली मुले हे प्रकार शिकतात, आणि ते चांगले आहे. आज गोंधळ्यांच्या घरातल्या मुलांनाही नोकरीधंद्यासाठी परंपरा सोडावी लागते, तेव्हा शिकणारे हात कमी पडता कामा नयेत. पण सात-आठ मिनिटांच्या स्पर्धेत गोंधळ म्हणून जे उरते त्यात झगा असतो, दिवटी असते, संबळाचा जोरदार ठेका असतो, आख्यान नसते. साथीदाराचा भोळा प्रश्न नसतो, नायकाचे उत्तर नसते, समोरच्या माणसांची नावे नसतात. ठेका राहिला आणि बोलणे गेले. आख्यान शिकायचे तर जिंतूरच्या, पालमच्या, सोनपेठच्या म्हाताऱ्या गोंधळ्याजवळ बसायला हवे, रात्रभर ऐकायला हवे, आणि त्याला त्या शिकवणीचा मोबदला द्यायला हवा. परीक्षकांच्या खुर्च्यांत निदान एक खुर्ची त्याची असावी. त्याला पटले तर गोंधळ पटला.

आणि नाव लिहून ठेवायला हवे. जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत हे झाले आहे. गी पॉइतवँ हे मूळ फ्रान्सचे, पुढे भारताचे नागरिक झालेले अभ्यासक. त्यांनी हेमा राईरकर यांच्यासोबत महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कित्येक मराठवाड्यातल्या बायांच्या आहेत, आणि 2017 पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुल्या होत आहेत. त्या संग्रहात ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवलेले आहे. आमच्या जिल्ह्यातल्या गोंधळ्यांच्या आख्यानांची तशी वही कुणीतरी, गोंधळ्याच्या घरातल्याने किंवा बाहेरच्याने, लवकर उघडायला हवी.